काजूचं वर्ष तीन महिन्यांचं

काजूचा कारखाना बारा महिने चालतो, पण बी मिळते ती मार्च ते मे. वर्षभर फोडायची बी या तीन महिन्यांत घ्यायची, वाळवायची, पावसाआधी गोदामात भरायची. लहान कारखानदाराने सगळा पैसा असा एकदम घालायचा आणि गर, म्हणजे बीतला खायचा काजू, विकत विकत तो पुढच्या शिमग्यापर्यंत परत काढायचा. मधल्या काळात भाव पडला, तर कारखान्यात कितीही राबलं तरी तो खड्डा भरत नाही. मी या धंद्यात गराची साल काढण्यापासून सुरुवात केली. पुढे स्वतःचा कारखाना उभा केला, तो चांगला चालवला, तो बंद पडलेला पाहिला आणि आता परत चालवते आहे. नव्याने युनिट टाकणाऱ्या बायका माझ्याकडे येतात आणि मशीनची किंमत विचारतात. बीच्या पैशांचं कोणीच विचारत नाही. त्यांच्यासाठी हे लिहायला घेतलं.

माझा जन्म लालबागच्या चाळीतला. वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा मी पहिलीत होते. संप लांबला, पगार थांबला, खोलीचं भाडं थकलं आणि आम्ही वेंगुर्ले तालुक्यातल्या आमच्या गावी परतलो. गावची घरं तेव्हा मुंबईच्या मनीऑर्डरवर चालत. आमच्या घरी मनीऑर्डर पाठवणारा माणूसच परत आला होता. शेतीचा तुकडा इतका लहान की घरचं भात दिवाळीपासून होळीपर्यंत पुरायचं. आई लोकांच्या लावणीला, कापणीला जायची. वडिलांना शेतीची सवय राहिली नव्हती आणि ते फार बोलतही नसत. मी नववीत शाळा सोडली आणि जवळच्या काजू फॅक्टरीत लागले.

तेव्हा बी लोखंडी ड्रममध्ये भाजत. त्या धुराने डोळे चुरचुरायचे, घसा धरायचा. काजूच्या टरफलात जे तेल असतं ते कातडीला लागलं की भाजल्यासारखे फोड येतात आणि बोटांची सालं निघतात. पहिल्या दिवशी शेजारच्या पाटावरची काकी म्हणाली, "गो बाये, आधी हाताक राख लाव, मगे बी धर." तरी हात काळे पडायचे ते पडलेच. गावातल्या लग्नात आम्ही फॅक्टरीवाल्या मुली हात पदराखाली धरून बसायचो. काजूकतली खाणाऱ्याला हे हात कधी दिसत नाहीत. मला मात्र आजही गर हातात घेतला की आधी तेच आठवतात.

साल काढायची मजुरी किलोवर असे आणि गर मोडला की कापली जाई. त्यामुळे नजर आणि बोटं फार लवकर तयार झाली. काजूच्या नंबराचा हिशेब साधा आहे. एका पौंडात, म्हणजे ४५४ ग्रॅममध्ये, अख्खे गर किती बसतात तो नंबर. १८० नंबर म्हणजे सगळ्यात मोठा दाणा, मग २१०, २४०, ३२०. नंबर जितका लहान तितका दाणा मोठा आणि दर चढा. गर मधोमध उकलला की झाली पाकळी, त्याखाली तुकडा, त्याखाली कणी. एकाच झाडाचा, एकाच चवीचा गर, पण अख्खा आणि तुकडा यांच्या दरात किलोमागे शे-दोनशे रुपयांचा फरक पडतो. कारखान्याची सगळी कमाई या फरकात असते आणि तो फरक फोडणाऱ्या आणि सोलणाऱ्या बाईच्या हातात असतो. मालकीण झाल्यावर हे मला कुणी शिकवावं लागलं नाही.

दरम्यान आमचे डोंगर बदलत होते. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात १९५७ पासून काजूवर काम चाललं होतं. तिथली वेंगुर्ला-४ ही जात १९८१ मध्ये आली. १९९० मध्ये राज्य सरकारने रोजगार हमीतून फळबाग लागवड सुरू केली, आणि ज्या वरकस जमिनीत नाचणी नाहीतर गवतच व्हायचं, तिथे काजूची कलमं उभी राहिली. १९९७ मध्ये वेंगुर्ला-७ आली. तिची बी दहा ग्रॅमच्या आसपास भरते, म्हणजे शंभरेक बियांत किलो होतो. गावठी बी किलोत दीडशे-दोनशेच्या वर जाते. कलमं धरू लागली आणि गावोगाव बी निघायला लागली. ती पोत्यांतून दलालाच्या टेम्पोत चढायची, कारण फोडणारं गावात कोणी नव्हतं.

लग्नानंतर मी बचत गटातल्या काही जणींना घेऊन घरच्या पडवीत बी फोडायला लागले. हाताची दोन कटर, वाळवायला अंगण, विकायला मुंबईकर. गणपतीला आलेला मुंबईकर जाताना पाच-दहा किलो न्यायचा आणि पुढच्या वेळी शेजाऱ्यांची मागणी घेऊन यायचा. पार्सलं रात्रीच्या लक्झरी बसने परळ, लालबाग, डोंबिवलीला जायची. ड्रायव्हर ओळखीचे झाले होते. पैसे यायला वेळ लागे, पण बुडाले फार थोडे. तेवढ्यावर दोन मुलांची शाळा झाली आणि घराचं कौल शाकारून झालं.

मोठा कारखाना करायचा तर कर्ज हवं. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम २००८ मध्ये सुरू झाला होता. त्यात ग्रामीण भागातल्या महिलेला प्रकल्पाच्या ५ टक्के रक्कम स्वतःची घालावी लागते आणि ३५ टक्के अनुदान मिळतं. उत्पादन उद्योगासाठी तेव्हा मर्यादा होती २५ लाख. हे अनुदान हातात येत नाही हे आधी समजून घ्या. ते बँकेत तुमच्या नावाने तीन वर्षं ठेव म्हणून पडून राहतं आणि कारखाना चालू दिसला की मगच कर्जात वळतं. तोवर घर चालवायचं ते धंद्यातूनच.

खरी अडचण अनुदानाची नव्हती, जमिनीची होती. कोकणात कर्ज मागायला गेलेल्या प्रत्येकाला ती येते. आमच्या सातबाऱ्यावर तेवीस नावं. सासऱ्यांचे भाऊ, त्यांची मुलं, मुंबईत वारलेल्यांचे वारस, लग्न होऊन गेलेल्या आत्या. शेडपुरती पाच गुंठे जागा भाड्याने घ्यायची तरी सगळ्यांची संमती लागणार. रीतसर वाटप करून मागायचं तर तहसीलदाराकडे जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली अर्ज करता येतो, पण त्यातही नोटिसा, मोजणी आणि हरकती आल्याच. मग मी गणपतीची वाट पाहिली. चतुर्थीला सगळी भावकी घरी असते. आरती झाल्यावर, जेवणं उरकल्यावर, पडवीत कागद काढला.

थोरले काका सरळ म्हणाले, "सही केल्यार जमीन जातली, असा माका मुंबैत एकान सांगितल्यान."

मी त्यांच्यासमोर कागदातली ओळ न् ओळ वाचून दाखवली. जमीन गहाण पडत नाही, फक्त भाडेपट्टा आहे, मुदत संपली की जागा परत. काका ऐकत राहिले आणि मग त्यांनी विचारलं, की कारखान्यात गावच्या किती बायकांना काम देणार. तो प्रश्न मला फार आवडला. मी आकडा सांगितला आणि काकांनी सही केली. त्यांची झाली म्हटल्यावर बाकीच्यांच्याही झाल्या. गणपतीला न आलेल्यांच्या सह्यांसाठी नवरा मुंबईला, डोंबिवलीला, विरारला जाऊन आला. पुढच्या शिमग्यापर्यंत कागद पुरा झाला. बिनशेती परवानगी, ग्रामपंचायतीचा दाखला, थ्री फेजचं कनेक्शन, पुढे अन्न परवाना, यांना वेळ लागला, पण ते सगळं सरळ होतं.

कारखाना सुरू झाला तेव्हा पहिल्या दिवसापासून ठरवलं की ड्रम नको, वाफच. वाळलेली बी वाफेवर शिजवायची, मग रात्रभर पसरून गार करायची. गरम बी फोडली तर गर चिरडतो. फोडायला हातापायाचं कटर. एका हाताने बी दोन पात्यांच्या मधे धरायची, पायाने दांडा दाबायचा, टरफल उकललं की गर सोडवायचा. चांगल्या हाताखाली शंभरातले नव्वद अख्खे निघतात. मग गर ड्रायरमध्ये सत्तर अंशांच्या आसपास सहा-सात तास. त्याने वरची तांबूस साल सुटते, पण गर कोरडा आणि ठिसूळ होतो, म्हणून सोलायच्या आधी त्याला जरा दमट हवेत ठेवायचं. किती वेळ ठेवायचं ते बाईला डोळ्यांनी कळतं. कोणतंही मशीन ते तितक्या नेमकेपणाने सांगत नाही. बॉयलरला जळण म्हणून टरफलं, उरलेली टरफलं तेलवाल्याला. राखेबरोबर एरंडेल आणि हातमोजेही मी पहिल्या दिवसापासून ठेवले. मोजे घालून काम हळू होतं अशी तक्रार आली तेव्हा मजुरीचा दर वाढवला, मोजे काढू दिले नाहीत.

जुलै-ऑगस्टात आमच्याकडे हवा अशी असते की मीठ पाझरतं. बीमध्ये ओल आठ-नऊ टक्क्यांच्या वर राहिली तर पोत्यातच गर काळवंडतो. म्हणून मे महिन्यात खळ्यावर बी दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवायची, हातात खुळखुळवून आवाज ऐकायचा, आणि पोती जमिनीला न टेकवता लाकडी फळ्यांवर रचायची. घेतानाच मूठभर बी पाण्यात टाकून पाहायची, तरंगली ती पोकळ. मग काही फोडून पाहायच्या. शंभर किलो बीमागे पंचवीस ते अठ्ठावीस किलो गर पडायला हवा. अर्धा टक्का इकडे तिकडे झाला तरी वर्षाचा नफा हलतो.

ते दिवस चांगले होते. मला त्यांचा अभिमान आहे. तीन वर्षांनी अनुदान कर्जात वळलं, हप्ता कधी चुकला नाही. गावातल्या ज्या बायका मुंबईला घरकामाला जाणार होत्या त्या कारखान्यात राहिल्या. फोडणाऱ्या दोघींनी स्वतःच्या नावावर पोस्टात खातं काढलं. वेंगुर्ल्याच्या काजूला भौगोलिक मानांकन, म्हणजे त्या भागाचा माल म्हणून सरकारी ओळख, मिळालं तेव्हा आम्ही पाकिटावर वेंगुर्ल्याचं नाव मोठ्या अक्षरात छापलं.

२०१७ पासून बीचे दर चढत गेले. जगभरच चढत होते. २०१८ च्या मोसमात मी किलोला १६० रुपयांनी बी घेतली. हिशेब असा होता: शंभर किलो बीचे सोळा हजार, त्यातून सत्तावीस किलो गर, म्हणजे किलोभर गरामागे नुसती बीच ५९२ रुपयांची. फोडणं, वाफ, वीज, पॅकिंग, व्याज धरून आणखी शंभर. सगळ्या प्रतींची सरासरी साडेसातशेला विकली जात होती. किलोला पन्नास-साठ सुटत होते आणि मागणी होती. बँकेने कॅश क्रेडिटची, म्हणजे मालाच्या तारणावर लागेल तसे पैसे उचलायच्या खात्याची, मर्यादा वाढवून दिली, घर तारण घेतलं. त्या दराने कोकणात सगळेच घेत होते. न घेणाऱ्याला वर्षभर कारखाना बंद ठेवावा लागला असता आणि बायका घरी बसल्या असत्या.

पावसाळ्यात व्यापाऱ्यांचे फोन कमी झाले. दसऱ्यापर्यंत गराचा भाव उतरायला लागला आणि दिवाळीला, जेव्हा वर्षातला सगळ्यात जास्त माल जातो, तेव्हा सरासरी सहाशेच्या खाली आली. आफ्रिकेतून बंदरावर येणारी बी एकदम स्वस्त झाली होती. ती फोडणाऱ्याला गर पाचशे-सव्वापाचशेला पडत होता आणि मला सातशेला पडलेला होता. भाव जगभर किती कोसळला होता ते टांझानियात दिसलं. तिथे व्यापारी पडेल दर देतात म्हणून नोव्हेंबर २०१८ मध्ये राष्ट्राध्यक्ष मागुफुली यांनी शेतकऱ्यांची बी उचलायला सैन्य पाठवलं. इकडे केरळात कोल्लममधले कित्येक जुने काजू कारखाने बंद पडत होते. बाहेरून तयार गरही येत होता. केंद्राने अख्ख्या गराचा किमान आयात दर किलोला ७२० आणि तुकड्याचा ६८० केला तो जून २०१९ मध्ये. तोवर माझं वर्ष संपलेलं होतं.

हा धक्का बँकेच्या कागदावर कसा उतरतो ते नीट सांगते, कारण इथेच लहान कारखाना मरतो. कॅश क्रेडिटमध्ये दर महिन्याला मालाचं विवरण द्यावं लागतं. गोदामात जेवढा माल, त्याच्या किमतीतून पंचवीस टक्के वजा करून उरेल तेवढीच रक्कम तुम्ही वापरू शकता. त्याला ड्रॉइंग पॉवर म्हणतात. माझ्याकडे तेव्हा पंचवीस टन बी शिल्लक होती. १६० च्या दराने ती चाळीस लाखांची, ड्रॉइंग पॉवर तीस लाख. पण किंमत धरायची ती खरेदीची किंवा बाजारातली, यांतली जी कमी असेल ती. बाजार ११५ वर आला. तीच पोती, तेच गोदाम, एक दाणा खराब नाही, आणि किंमत झाली पावणेएकोणतीस लाख. ड्रॉइंग पॉवर साडेएकवीसवर आली. म्हणजे साडेआठ लाख रुपये बँकेला ताबडतोब परत करायचे, तेही अशा वेळी की माल विकला तर किलोमागे शंभर रुपये तोटा. मी विकला. मजुरी आधी दिली, शेतकऱ्यांची राहिलेली देणी दिली. व्याज भरायला उरलं नाही. नव्वद दिवस थकलं आणि खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत कर्ज, झालं.

पुढच्या मोसमात बी घ्यायला पैसा नव्हता. कारखाना बंद केला. बँकेला थकलेल्या कर्जाचं तारण ताब्यात घेऊ देणाऱ्या सरफेसी कायद्याखाली नोटीस आली, साठ दिवसांत पैसे भरा नाहीतर तारण ताब्यात घेऊ. गावात नोटीस आली की ती सगळ्यांना कळते. सासूबाई जेवेनाशा झाल्या. मला त्या दिवसांबद्दल लिहायला जड जातं. एवढंच सांगते, की फोडणाऱ्या बायकांपैकी एकही मला टाळून गेली नाही. त्या संध्याकाळी येऊन बसायच्या, विषय काढायच्या नाहीत, चहा घेऊन जायच्या. काका मुंबईहून फोन करून विचारायचे, "गो, जेवलंस मां?"

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली ती बरोबर काजूच्या मोसमात. दलाल आले नाहीत, घाट बंद, शेतकऱ्यांच्या घरात बीची पोती पडून. दर शंभराच्या खाली गेला आणि त्या दरानेही उचलणारा नव्हता. तेव्हा शेजारच्या वाडीतले एक बागायतदार दोन पोती घेऊन दारात आले. "वैनी, तू फोडून दी. मजुरी घे. गर माझो." कारखान्याचा ताबा बँकेने घेतलेला नव्हता. मी शाखेत फोन करून विचारलं आणि बॉयलर पेटवला. बातमी पसरली तशी पोती येत गेली. किलो बीमागे पंचवीस रुपये मजुरी, गर शेतकऱ्याचा, टरफल माझं. माझा एक रुपया बीमध्ये अडकला नाही. शेतकऱ्यांनी तो गर पुढे मुंबईच्या नातेवाइकांना विकला. बीला शंभरही मिळत नव्हते, गर करून त्यांना दुप्पट मिळाले.

या मजुरीच्या कामाच्या आधाराने मी बँकेकडे एकरकमी तडजोड मागितली, म्हणजे ठरलेली एक रक्कम थोड्या हप्त्यांत भरून खातं मिटवायचं. काही कटर विकली. नवऱ्याच्या वाट्याची हापूसची कलमं पाच वर्षांच्या कराराने दिली, त्याचे आगाऊ पैसे आले. धाकट्या दिरांनी त्यांच्या फंडातून रक्कम काढून दिली आणि ती परत कधी देणार हे आजवर विचारलेलं नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने शेडचे अर्धे पत्रे नेले आणि तडजोडीचा शेवटचा हप्ता त्याच पावसाळ्यात भरला. घर सुटलं.

सरकारी योजनांबद्दल माझं म्हणणं स्पष्ट आहे. त्या मशीनला पैसे देतात. २०२० मध्ये आलेली सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनाही प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल दहा लाख देते, आणि ती चांगलीच आहे. शेतकऱ्याला पणन मंडळाच्या तारण योजनेत काजू बी ठेवून पैसे उचलता येतात, तीही चांगली. पण गावातल्या लहान कारखान्याला मार्चमध्ये बी घ्यायला स्वस्त पैसा आणि भाव पडला तर तग धरायला मुदत हवी असते. ते मिळत नाही तोवर अनुदानातून घेतलेली ड्रायर आणि कटर शेडमध्ये गंजत पडलेली दिसणार. कुडाळपासून बांद्यापर्यंत मी अशी कितीतरी शेड पाहिली आहेत आणि प्रत्येक वेळी पोटात कालवतं.

आता मी निम्मं काम मजुरीवर करते. स्वतःची बी घेते ती वेगळ्या बोलीवर. शेतकरी बी देतो तेव्हा त्या दिवसाच्या दराने निम्मे पैसे रोख. उरलेले गणपतीच्या आधी आणि दिवाळीनंतर, गर ज्या भावाने विकला त्याच्या प्रमाणात. भाव चढला तर त्याला जास्त मिळतात, पडला तर दोघांनाही थोडं कमी. सगळं कागदावर, दोघांच्या सह्या. ज्यांना जूनमध्ये मुलांच्या फीसाठी सगळे पैसे लागतात ते ही बोली घेत नाहीत आणि त्यांचं बरोबर आहे. त्यांची बी रोखीने घेते, पण हातात ऑर्डर असेल तेवढीच. बँकेची मर्यादा पुन्हा मिळते आहे, ती अर्धीच उचलली आहे. घर तारण दिलेलं नाही.

सालीसकट भाजलेला खारा काजूही आता करते, तो चांगला उठतो. त्यात सोलायचं काम नाही, मोड नाही आणि मुंबईकरांना तो गावची चव म्हणून आवडतो. यंदा वेंगुर्ला-७ ची बी वेगळी फोडून त्याचं वेगळं पाकीट करायचं ठरवलं आहे. आडेलीकडच्या तीन बागायतदारांनी बी देतो म्हणून सांगितलं. चौथे म्हणाले, आधी या वर्षीचा दिवाळीचा हिशेब दाखव, मग बोलू. वही घेऊन रविवारी त्यांच्याकडे जायचं आहे.